तळघरातील मनोपचार केंद्र

मनुष्याच्या मनात त्याला स्वतःलाही न दिसणारा एक थर असतो आणि त्याच्या कितीतरी दुखण्यांची मुळे त्या नेणिवेत रुजलेली असतात, हा सिद्धांत सिग्मंड फ्रॉइड यांनी व्हिएन्ना नगरीत मांडला, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. त्यातून जन्मलेल्या मनोविश्लेषण पद्धतीचा लाभ प्रारंभी मात्र सुखवस्तू मंडळींनाच झाला. आठवड्यातून पाच-सहा दिवस, दररोज सुमारे तासभर डॉक्टरांपुढे मन मोकळे करायचे आणि हे महिनोन्‌महिने चालायचे! पोटासाठी राबणाऱ्याला एवढा वेळ कोठला आणि पैसा तरी कोठला? फ्रॉइड यांना याची जाणीव होती. १९१८ साली बुडापेस्ट येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी असे प्रतिपादन केले, की गरिबाला शस्त्रक्रियेचा जसा हक्क आहे तसाच मनाच्या उपचाराचाही असला पाहिजे. त्यानुसार १९२० मध्ये बर्लिनला आणि १९२२ मध्ये व्हिएन्नाला त्यांच्या अनुयायांनी दवाखाने उघडले. रुग्णाने ऐपतीप्रमाणे द्यावे, नसेल तर देऊ नये, अशी तेथील रीत होती.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या तासाला फ्रॉइड आमच्या वाट्याला आले ते मुख्यतः खंडनासाठी. देवधर्माविषयीची त्यांची मते पाहता ते स्वाभाविकही होते. परंतु त्यांच्या शिष्यांनी गोरगरिबांसाठी दवाखाने चालविले, ही हकीकत त्या तासाला कधी निघाली नाही. नाझी राजवटीने बर्लिनच्या संस्थेतून ज्यू डॉक्टरांना घालवून दिले आणि १९३८ मध्ये व्हिएन्नाचे केंद्रही बंद पाडले. मनोविश्लेषण जाणणारी कितीतरी माणसे समुद्रापार अमेरिकेत गेली. गरिबांच्या दवाखान्याची ती कल्पना पुढे ज्या ठिकाणी पुन्हा अंकुरली, त्याची कथा आम्हांला वाचकांपुढे ठेवावयाची आहे. ते ठिकाण होते एका धर्मग्रामाचे तळघर.

न्यूयॉर्क शहरातील हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती. दक्षिणेकडील राज्यांतील अन्याय आणि दारिद्र्य यांना कंटाळून हजारो कुटुंबे उत्तरेत आली व या वस्तीत दाटीवाटीने राहू लागली. गावाकडची नाती तुटली होती आणि शहर त्यांना आपले म्हणत नव्हते. पाठीवर परंपरेचा हात नाही आणि पुढे वाट मोकळी नाही, अशा अवस्थेत मने खचली तर नवल कसले? पण खचलेल्या मनाने जायचे कोठे? खासगी मनोविकारतज्ज्ञ परवडत नसे, सार्वजनिक रुग्णालयात भेदभावाला तोंड द्यावे लागे, आणि मुलगा बिघडला तर त्याचे दुखणे समजून घेण्याआधीच त्याच्यावर गुन्हेगार असा शिक्का बसे.

जर्मनीत जन्मलेले डॉ. फ्रेडरिक वर्थम १९२२ मध्ये अमेरिकेत आले होते आणि न्यूयॉर्कच्या सरकारी रुग्णालयांत त्यांनी हे सर्व जवळून पाहिले होते. हार्लेममध्ये उपचार केंद्र काढावे म्हणून त्यांनी अनेक दारे ठोठावली. पैसा मिळाला नाही. त्यांना साथ लाभली ती कादंबरीकार रिचर्ड राइट यांची. राइट यांची ‘नेटिव्ह सन’ ही कादंबरी १९४० साली गाजली होती. तिच्यातील एका प्रसंगाची मुळे लेखकाच्या नेणिवेत कोठे दडली आहेत, याचा शोध वर्थम यांनी राइट यांच्याच सहकार्याने घेतला आणि १९४४ मध्ये त्यावर एक निबंधही लिहिला. डॉक्टर आणि लेखक यांची ही मैत्री मोठी विलक्षण म्हटली पाहिजे. पैसा नाही, तर पैशावाचून आरंभ करू, असे दोघांनी ठरविले. अडचण जागेची होती.

ती दूर केली रेव्हरंड शेल्टन हेल बिशप यांनी. (बिशप हे त्यांचे आडनाव, पदाने ते आमच्यासारखेच धर्मग्रामाचे धर्मगुरू होते.) हार्लेममधील संत फिलिप चर्च हे एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन परंपरेतील, कृष्णवर्णीयांचे जुने आणि प्रतिष्ठित धर्मग्राम. वडिलांनंतर १९३३ पासून बिशप तेथे प्रमुख होते. त्यांनी धर्मग्रामाच्या इमारतीचे तळघर देऊ केले आणि ८ मार्च १९४६ रोजी तेथे ‘लाफार्ग क्लिनिक’ सुरू झाले.

या नावाची एक गंमत आहे. पॉल लाफार्ग हे क्यूबात जन्मलेले मिश्रवर्णीय डॉक्टर, कार्ल मार्क्स यांचे जावई आणि कट्टर नास्तिक! देवळाखालच्या दवाखान्याला अशा माणसाचे नाव, यावर एखाद्या धर्मगुरूने आकाशपाताळ एक केले असते. रेव्हरंड बिशप यांनी पाहिले ते येणाऱ्या रुग्णांकडे. आम्हांला त्यांच्या या शहाणपणाचे कौतुक वाटते.

एका भेटीचे शुल्क २५ सेंट. रुग्णासाठी न्यायालयात साक्ष द्यावी लागली तर ५० सेंट. ज्याच्याजवळ तेवढेही नसत, त्याला परत पाठवीत नसत. दवाखाना आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडे, कारण तेथील डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेविका दिवसा अन्यत्र नोकरी करीत व संध्याकाळी विनावेतन येथे येत. त्यांत गोरे होते, कृष्णवर्णीय होते. बर्लिनच्या एका ज्यू प्रकाशक घराण्यात जन्मलेल्या डॉ. हिल्डा मॉस येथील कामकाज पाहत. रुग्णांनाही वर्णाची अट नव्हती. शाळेत लक्ष न लागणारी मुले येत, त्यांच्या आया येत, झोप उडालेली, भयाने पछाडलेली माणसे येत.

उपचाराची पद्धत मुख्यतः बोलण्याची आणि ऐकण्याची. रुग्णाच्या बालपणात, स्वप्नांत, दडपलेल्या रागात डॉक्टर उतरत, हे मनोविश्लेषणाला धरूनच होते. परंतु वर्थम तेवढ्यावर थांबत नसत. घराचे भाडे किती, नोकरी का गेली, पोलीस काय म्हणाले, हेही ते विचारीत. त्यांच्या मते मनाच्या खोल थराएवढीच रस्त्यावरची परिस्थिती खरी होती. ‘जुळवून घ्या’ एवढाच सल्ला अन्यायाने पिचलेल्या माणसाला देणे म्हणजे त्याच्या दुखण्याला दुजोरा देणे होय, अशी या केंद्राची धारणा होती. समुपदेशनाच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाने, त्यात आम्हां धर्मगुरूंचाही समावेश आहे, या धारणेवर विचार करण्यासारखा आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला आपण सोशिकपणा शिकवितो, तेव्हा नेमके काय करीत असतो?

कॅथलिक वर्तुळात त्या काळी मनोविश्लेषणाविषयी वातावरण तापलेले होते. हे केंद्र सुरू झाल्यानंतर बरोबर एका वर्षाने, मार्च १९४७ मध्ये, त्याच शहरातील सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये मॉन्सिन्यॉर फुल्टन शीन यांनी प्रवचनातून फ्रॉइडवादावर घणाघाती टीका केली. काही कॅथलिक मनोविकारतज्ज्ञांनी तिचा जाहीर निषेध केला. पापनिवेदन आणि मनोविश्लेषण हे जणू एकमेकांचे वैरी, असे अनेक भाविकांना वाटू लागले. पुढे १३ एप्रिल १९५३ रोजी पोप पायस बारावे यांनी रोम येथे मनोपचारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे भाषण केले. त्यांनी या शास्त्राला नैतिक मर्यादा घातल्या, पण दार लावून घेतले नाही. मनुष्य ही एक अखंड एकता आहे, ती मानसिक आहे, सामाजिक आहे आणि देवाकडे झेपावणारीही आहे, असे त्यांनी सांगितले. यातील ‘सामाजिक’ या शब्दापाशी आम्ही नेहमी थबकतो. हार्लेमच्या तळघरात सात वर्षे तोच शब्द रोजच्या व्यवहारात होता.

त्याची कसोटी लागली डेलावेअर राज्यात. तेथे कायद्यानेच कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. हॉकेसिन गावच्या सेरा ब्युला यांच्या दारावरून गोऱ्या मुलांची शाळेची बस जात असे, पण त्यांच्या लहानग्या शर्लीला तीत जागा नव्हती. आईलाच तिला गाडीने शाळेत पोहोचवावे लागे. अशा पालकांच्या वतीने लुईस रेडिंग या कृष्णवर्णीय वकिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि १९५१ साली लाफार्ग केंद्राकडे मदत मागितली. डेलावेअरहून कृष्णवर्णीय आणि गोऱ्या अशा दोन्ही वर्णांच्या मुलांना हार्लेमला आणण्यात आले. त्या तळघरात डॉक्टरांनी त्यांच्याशी गप्पा केल्या, त्यांना खेळू दिले, ऐकून घेतले. ऑक्टोबर १९५१ मध्ये विल्मिंग्टन येथे वर्थम यांनी साक्ष दिली: शाळेची इमारत कितीही चांगली असो, राज्यानेच मुलाला वेगळे काढले की त्याच्या मनात न सुटणारा संघर्ष निर्माण होतो आणि त्याचे मानसिक आरोग्य बिघडते.

न्यायाधीश होते कॉलिन्स साइट्झ, स्वतः कॅथलिक. विल्मिंग्टनच्या सेलिझियानम या कॅथलिक शाळेने १९५० मध्येच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला होता आणि १९५१ च्या जूनमध्ये तेथील पदवीदान समारंभात साइट्झ यांनी वर्णभेदाविरुद्ध निर्भीड भाषण केले होते. एप्रिल १९५२ मधील निकालपत्रात त्यांनी वर्थम यांच्या साक्षीचा आवर्जून उल्लेख केला. ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व त्याज्य आहे, मात्र ते मोडीत काढण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा आहे, असे सांगून त्यांनी मुलांना गोऱ्यांच्या शाळांत ताबडतोब प्रवेश देण्याचा आदेश दिला. ज्या पाच खटल्यांवर १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या, त्यांत खालच्या न्यायालयात वादी जिंकले होते ते केवळ या डेलावेअरच्या खटल्यात.

वर्थम यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच १९५४ साली त्यांनी चित्रकथांच्या मासिकांमुळे मुले बिघडतात, असे सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात लाफार्ग केंद्रातील मुलांचे दाखले होते. त्यांची कागदपत्रे पुढे अभ्यासकांसाठी खुली झाली, तेव्हा कॅरल टिली या संशोधिकेने २०१२ मध्ये दाखवून दिले, की मुलांच्या जबान्यांत त्यांनी सोयीने फेरफार केले होते. विश्वासाने सांगितलेली मुलांची गुपिते आपल्या मताच्या पुष्ट्यर्थ वाकविणे हा या व्यवसायातील गंभीर दोष होय. पापनिवेदनाची गुप्तता पाळणाऱ्या आम्हां मंडळींना तो अधिकच बोचतो. तरीही त्यामुळे डेलावेअरच्या मुलांचे दुःख खोटे ठरत नाही.

केंद्राला भरीव सरकारी अनुदान कधी मिळाले नाही. राइट आरंभानंतर लवकरच फ्रान्सला निघून गेले. १९५७ मध्ये रेव्हरंड बिशप निवृत्त झाले आणि १९५८ मध्ये लाफार्ग केंद्र बंद पडले. मेमी आणि केनेथ क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने हार्लेममध्येच १९४६ साली सुरू केलेले मुलांचे नॉर्थसाइड केंद्र मात्र पुढेही चालत राहिले.

कादंबरीकार राल्फ एलिसन यांनी १९४८ मध्ये या तळघरावर एक निबंध लिहिला होता. त्यासोबत छापण्यासाठी गॉर्डन पार्क्स यांनी हार्लेमची छायाचित्रेही काढली होती. पण ज्या मासिकासाठी हे सारे केले, तेच बंद पडले. ‘हार्लेम इज नोव्हेअर’ या नावाने तो निबंध १९६४ साली वाचकांच्या हाती पडला. तोवर तळघराचे दार बंद होऊन सहा वर्षे झाली होती.