कलेचा तास आणि त्याचा ताळेबंद

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या जुन्या दप्तराची पाने उलटू लागलो, की स्नेहसंमेलनांची छायाचित्रे, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांची प्रमाणपत्रे आणि ढाली-करंडकांच्या याद्या हाती लागतात. शाळेच्या कलाजीवनाचा इतिहास आपण बहुधा याच साधनांवरून लिहितो. मात्र या साधनांत नोंद असते ती रंगमंचावर उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांची. समोर सतरंजीवर बसलेल्या शेकडो मुलांना कलेच्या तासाने काय दिले, याविषयी ती मौन पाळतात. शाळेने कलावंतांना आणि कलासंस्थांना हाताशी धरून केलेल्या उपक्रमांचे मोल ठरवायचे, तर हे मौन आधी लक्षात घ्यावे लागते.

आपल्याकडे कलाशिक्षणाला संस्थारूप आले, त्यात मराठी माणसांचा आणि महाराष्ट्राबाहेरील नगरांचा वाटा मोठा आहे. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ साली सुरू झाली. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. पंडित भातखंडे यांच्या प्रेरणेने ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय १९१८ मध्ये आणि लखनौचे मॅरिस कॉलेज १९२६ मध्ये उभे राहिले. घराण्यांच्या उंबऱ्याआड असलेली विद्या स्वरलिपी, क्रमिक पुस्तके आणि ठरीव अभ्यासक्रम यांच्या साह्याने सामान्य घरांतील मुलामुलींपर्यंत पोहोचली. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा, तशाच चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा, हे या परंपरेचेच फळ होय. पुढे १९७७ साली प्राध्यापक किरण सेठ यांनी दिल्लीत आरंभिलेल्या स्पिक मॅके चळवळीने थोर कलावंतांना थेट विद्यार्थ्यांसमोर आणून बसविले.

परीक्षापद्धतीचे हे ऋण मान्य करूनही तिची मर्यादा सांगितली पाहिजे. परीक्षा विद्यार्थ्याची पारख करते. शाळेने केलेल्या व्यवस्थेची करीत नाही. शिवाय परीक्षेला बसतो तो बहुधा ज्याला घरूनच प्रोत्साहन आहे असा विद्यार्थी. त्याच्या यशात शाळेचा भाग किती आणि घराचा किती, हे प्रमाणपत्र सांगू शकत नाही.

हीच अडचण अमेरिकेतील संशोधकांपुढेही होती. कला शिकणाऱ्या मुलांना इतर विषयांतही चांगले गुण मिळतात, म्हणून कलेसाठी निधी द्यावा, असा युक्तिवाद तेथे वर्षानुवर्षे होत होता. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रोजेक्ट झीरोमधील एलन विनर आणि लोइस हेटलँड यांनी १९५० ते १९९९ या काळातील संशोधनाची छाननी करून २००० साली निष्कर्ष मांडले. वर्गातील नाट्यीकरणाने भाषिक कौशल्ये वाढतात, संगीताचा अवकाशविषयक विचारशक्तीशी काही संबंध दिसतो. पण कलेमुळेच एकूण गुण वाढतात, असे सिद्ध होत नाही, असे त्यांना आढळले. कलेची बाजू घेणाऱ्या अनेकांना हे रुचले नाही. वस्तुतः त्या दोघींचा आग्रह कलेला तिच्या स्वतःच्या मोलावर अभ्यासक्रमात स्थान मिळावे, असाच होता.

पुढे टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात सार्वजनिक शाळा आणि तेथील कलासंस्था यांनी मिळून एक उपक्रम हाती घेतला. कलावंतांनी शाळेत येऊन शिकवणे, नाट्य व संगीताचे प्रयोग, संग्रहालयांच्या भेटी असे त्याचे स्वरूप होते. इच्छुक शाळांतून सोडत काढून काहींना उपक्रम दिला गेला आणि उरलेल्या शाळांशी त्यांची तुलना झाली. त्यामुळे घरच्या परिस्थितीचा फरक आपोआप बाजूला पडला. डॅनियल बोवेन व ब्रायन किसिडा यांचा ४२ शाळा आणि १०,५४८ विद्यार्थ्यांवर आधारलेला अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. उपक्रमातील शाळांत शिस्तभंगाची नोंद झालेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण शेकडा ३.६ ने कमी आढळले. लेखनाच्या चाचणीत प्रगती दिसली. इतरांविषयीची कणव वाढलेली दिसली. गणित, वाचन व विज्ञान यांच्या गुणांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही; कलेला दिलेल्या वेळामुळे ते घटलेही नाहीत. पालकांच्या मनातील जुन्या शंकेला याहून नेमके उत्तर मिळणे कठीण आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेत निवासी कलावंत असावेत आणि स्थानिक गुणीजनांकडून शिकवून घ्यावे, असे सुचविले आहे. मराठी माध्यमाच्या शाळेला, विशेषतः परप्रांतातील शाळेला, ही संधी मोलाची आहे. कारण तेथे मुलांच्या कानावर मराठी पद आणि नाट्यसंवाद पडण्याचे शाळा हेच कित्येकदा एकमेव ठिकाण असते. ही संधी सार्थकी लागली की नाही, हे ठरविण्यासाठी सोडतीची वा मोठ्या खर्चाची गरज नाही. वर्गातील किती मुलांना प्रत्यक्ष हाताने, कंठाने काही करावयास मिळाले. मागच्या बाकावरचा विद्यार्थी त्यांत होता काय. आणि पाहुणा कलावंत निघून गेल्यावर आपल्या शिक्षकांच्या हाती काय उरले, एवढे तीन प्रश्न दरवर्षी विचारून त्यांची उत्तरे दप्तरात नोंदवावीत. तसे झाले, तर शतकमहोत्सवी ग्रंथाच्या लेखकाला ढाली-करंडकांच्या यादीपलीकडचा इतिहास लिहिता येईल, आणि सतरंजीवर बसलेल्या मुलांनाही त्यात स्थान मिळेल.