वीस शिलिंग, पुन्हा पुन्हा

इंग्लंड-वेल्ससाठी १८५३ साली झालेला लसीकरण कायदा वाचायला सोपा आहे. मूल तीन महिन्यांचे होण्याआधी त्याला देवी टोचून घ्यायच्या, आठव्या दिवशी ते परत दाखवायला आणायचे. हयगय केली तर वीस शिलिंगांपर्यंत दंड. लॉर्ड लिटलटन यांनी तो खासगी विधेयक म्हणून मांडला होता. त्यात एक गोष्ट राहून गेली. दंड मागायला कोर्टात जायचे कोणी? जन्मनोंदणी करणारा निबंधक आईबापांच्या हाती सूचनेचा कागद ठेवी. पुढचे काम कोणाच्याच अंगावर नव्हते. सुरुवातीला टोचलेल्या बाळांची संख्या चांगलीच वाढली आणि कोणी विचारायला येत नाही हे कळताच ओसरली. ती वाढ शिक्षेची नव्हती, धास्तीची होती.

मग १८६७ चा कायदा आला. अंमलबजावणी गरिबांच्या मदतीचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक मंडळांकडे गेली. १८६४ साली न्यायालयाने एका मुलामागे एकदाच दंड होऊ शकतो असे ठरवले होते. नव्या कायद्याने तो अडसर काढला. मूल चौदा वर्षांचे होईपर्यंत न्यायदंडाधिकारी पुन्हा पुन्हा हुकूम काढू शकत होता आणि प्रत्येक हुकूम मोडला की नवा दंड. १८७१ मध्ये फॉर्स्टर यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने या दंडांना मर्यादा घालावी असे सुचवले. कॉमन्स सभेने ते मान्यही केले. लॉर्ड्स सभेने ते कलम गाळले आणि उरलेला कायदा मंजूर झाला; त्याने प्रत्येक मंडळाला लसीकरण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. पुढच्या पंचवीस वर्षांच्या भांडणाचे मूळ मला त्या गाळलेल्या कलमात दिसते.

नकार देणारे सगळे अडाणी होते, असे त्या वेळचे अनेक डॉक्टर मानत. पण टोचण्याची तेव्हाची रीत पाहावी. लस एका बाळाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर जाई. आठव्या दिवशी बाळ परत आणायचे ते फोड तपासायला, आणि त्यातली लस पुढच्या बाळांसाठी काढून घ्यायलाही. ती काढू दिली नाही तर १८७१ पासून त्यालाही दंड. (मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवी टोचल्या, तिथून हिंदुस्थानभर लस पसरली तीही दंडादंडांच्या अशाच साखळीने. सक्तीचा कायदा मुंबई शहरात १८७७ साली आला.) या रीतीतून उपदंश पसरू शकतो हे लंडनचे नामांकित सर्जन जोनाथन हचिन्सन यांनी १८७१ मध्येच प्रत्यक्ष रुग्ण दाखवून सिद्ध केले होते. आईबापांची भीती अतिरंजित होती, निराधार नव्हती.

दंडाचे ओझेही सारखे नव्हते. पैसेवाला वीस शिलिंग फेकून मोकळा होई; मजुराच्या घरी जप्ती येई, सामान लिलावात जाई, तेही नसेल तर तुरुंग. यॉर्कशरमधल्या कीथली गावच्या मंडळाच्या सदस्यांनीच खटले भरायला नकार दिला आणि १८७६ मध्ये त्यांना यॉर्कच्या किल्ल्यात डांबले गेले. लेस्टर शहरात १८६९ साली दोन खटले झाले होते, १८८१ मध्ये अकराशेच्या वर. मधल्या काळात तिथे देवीची मोठी साथ येऊन गेली होती आणि टोचलेल्यांनाही देवी आल्याचे लोकांनी पाहिले होते. २३ मार्च १८८५ रोजी देशभरातून आलेल्या हजारोंनी तिथे मोर्चा काढला आणि देवीची लस शोधणाऱ्या जेन्नरच्या पुतळ्याला फाशी दिली. साथ रोखण्यासाठी हे शहर रोग्याची तातडीने खबर देणे, त्याला वेगळे ठेवणे आणि त्याच्या संपर्कातल्यांना अलग करणे यांवर भर देऊ लागले. तिथल्या बाळांचे लसीकरण जवळजवळ थांबले.

कायद्याने दोन तऱ्हेचे पालक एकाच मापाने मोजले: विसरलेले आणि न पटलेले. विसरलेला पहिल्या नोटिशीला वठणीवर येई. न पटलेल्याला प्रत्येक दंडागणिक शेजाऱ्यांची सहानुभूती मिळे, वर्गणी मिळे, संघटना मिळे.

१८८९ मध्ये लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन बसले. सात वर्षांनी त्याने निवाडा दिला: लस देवीपासून रक्षण करते, मात्र पुन्हा पुन्हा दंड बंद करा आणि प्रामाणिक विरोधकाला सवलत द्या. १८७१ च्या समितीने दंडांबद्दल वेगळे काय म्हटले होते?

१८९८ च्या कायद्याने दोन न्यायाधीशांची खात्री पटवणाऱ्या पालकाला सूट दिली. वर्ष संपण्याआधी सवलतीचे दोन लाखांहून अधिक दाखले दिले गेले. सक्ती सैल झाली म्हणून लसीकरण कोसळेल, हे भाकीत मात्र तेव्हा खोटे ठरले. पुढची काही वर्षे टोचलेल्या बाळांचे प्रमाण वाढले. याचे श्रेय एकट्या सवलतीला देणे चूक होईल. त्याच कायद्याने मुदत सहा महिन्यांवर नेली, सरकारी डॉक्टरला टोचण्यासाठी बाळाच्या घरी पाठवले आणि दंडावरून दंडावर टोचणे बंद करून वासराच्या लशीचा वापर रूढ केला. शिवाय सवलत मिळणे सोपे नव्हते. काही न्यायाधीश अर्जदाराची उलटतपासणी घेत, टर उडवत, आईने अर्ज केला तर बापाला आणायला सांगत.

१९०७ साली ती उलटतपासणी गेली, शपथेवरचे लेखी निवेदन पुरेसे झाले. त्यानंतर सवलती झपाट्याने वाढल्या आणि लसीकरण खरोखरच घसरले. जुलै १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होताना सक्ती रद्द झाली, तेव्हा निम्म्याहून कमी बाळांना देवी टोचल्या जात होत्या.