समुद्रजीवांपासून कर्करोगावरील औषधे

स्पंज हा समुद्रतळाला चिकटून राहणारा प्राणी. त्याला शत्रूपासून पळता येत नाही. म्हणून त्याच्या अनेक जाती विषारी रसायनांच्या आधारे स्वतःचा बचाव करतात. यांतील काही रसायने पेशींचे विभाजन रोखतात. कर्करोगाच्या संशोधकांना त्यांचे महत्त्व वाटते ते याच कारणाने.

या मालिकेतील पहिले औषध सायटॅराबीन. १९५०च्या सुमारास वेर्नर बर्गमन यांना फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील एका स्पंजात वेगळ्या धाटणीचे न्यूक्लिओसाइड रेणू आढळले. त्या धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेल्या सायटॅराबीनला १९६९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तीव्र मायलॉइड रक्तकर्करोगावर ते आजही प्रमुख औषध आहे.

मात्र पुढच्या रेणूंबाबत पुरवठ्याची अडचण मोठी ठरली. जपानमधील ‘हॅलिकॉन्ड्रिया ओकाडाई’ या स्पंजापासून हिराता आणि उएमुरा यांनी १९८६ मध्ये हॅलिकॉन्ड्रिन बी वेगळे केले. ६०० किलो स्पंजातून हाती आले अवघे १२.५ मिलिग्रॅम. अशा प्रमाणात औषध काढायचे तर समुद्रातील स्पंजच संपले असते. १९९२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील योशितो किशी यांनी हा रेणू प्रयोगशाळेत संपूर्णपणे घडवला. त्याचा साधारण अर्धा भागच परिणामकारक असल्याचेही पुढे दिसून आले. त्यावरून एसाय या जपानी कंपनीने एरिब्युलिन विकसित केले. शरीरात पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी अमेरिकेने २०१० मध्ये त्यास मान्यता दिली. ७६२ रुग्णांच्या चाचणीत एरिब्युलिन घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १३.१ महिने, तर इतर प्रचलित उपचार घेणाऱ्यांचे १०.६ महिने होते. हा लाभ अडीच महिन्यांचा आहे. शिवाय पांढऱ्या पेशी घटणे आणि हातापायांच्या नसा बधिर होणे हे दुष्परिणामही संभवतात.

कॅरिबियन समुद्रातील एका अॅसिडियन प्राण्यापासून मिळालेले ट्रॅबेक्टेडिन हे मृदू ऊतींच्या कर्करोगावरील औषध. आता ते प्राण्यांपासून न काढता, जिवाणूंच्या किण्वनातून मिळणाऱ्या रेणूवर रासायनिक प्रक्रिया करून बनवले जाते.

थोडक्यात, समुद्र रेणूचा आराखडा देतो. औषध घडते ते प्रयोगशाळेत, आणि पारखले जाते रुग्णांवरील चाचण्यांत. शार्कच्या कूर्चेचा अर्क फुप्फुसाच्या कर्करोगावरील मोठ्या चाचणीत निरुपयोगी ठरला होता. म्हणून ‘सागरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांसाठी चालू उपचार थांबवू नयेत. त्या घेण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञांना विचारावे.