'कॅलिबर'चे 'क्यूटी ६'वर स्थलांतर

ई-पुस्तकांची व्यवस्था पाहणारी 'कॅलिबर' ही मुक्त स्रोत संगणक प्रणाली जुलै २०२२ मध्ये, ६.० या आवृत्तीसह, 'क्यूटी ६' या नव्या विजेट टूलकिटवर नेण्यात आली. सोनी कंपनीचे पीआरएस-५०० हे वाचनयंत्र लिनक्सवर चालावे, या हेतूने भारतीय संगणकतज्ज्ञ कोविद गोयल यांनी २००६ मध्ये या प्रणालीचा आरंभ केला होता.

पडद्यावरील खिडक्या, बटणे, याद्या हे घटक आज्ञावलीकार सहसा स्वतः घडवत नाही. ते टूलकिटमधून तयार घेतो. साहजिकच जुन्या टूलकिटची देखभाल थांबली, की त्यावर उभ्या असलेल्या प्रणालीलाही जागा बदलावी लागते. 'कॅलिबर'वर ही वेळ प्रथमच आली नव्हती. ऑगस्ट २०१४ मधील २.० आवृत्तीत तिने 'क्यूटी ४' सोडून 'क्यूटी ५' स्वीकारले होते. तर २०१९ मध्ये जुने 'वेबकिट' हटवून 'वेबइंजिन' आणताना पुस्तक वाचण्याची खिडकी नव्याने लिहावी लागली होती.

'क्यूटी ६' डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पायथॉन भाषेतून ते वापरताना पूर्वीची अनेक संक्षिप्त नावे चालेनाशी झाली. मजकूर डावीकडे ठेवण्याची साधी सूचनासुद्धा तिच्या गटाच्या नावासह, पूर्ण लिहावी लागते. काम अवघड नव्हे, पण किचकट खरे. आणि चूक राहिली तर ती बहुधा ते बटण दाबल्यावरच उघड होते. बाहेरच्या हौशी लेखकांनी रचलेल्या पूरक आज्ञावल्यांची अडचण अधिक होती. त्यांच्यासाठी टूलकिटची आवृत्ती झाकणारा एक मध्यस्थ विभाग 'कॅलिबर'मध्ये पुरवण्यात आला. तरीही ज्यांच्या लेखकांनी वेळेत बदल केले नाहीत, त्या आज्ञावल्या बंद पडल्या.

या स्थलांतराने ॲपलच्या नव्या प्रोसेसरचा लाभ मिळाला. मात्र ३२-बिट संगणक आणि विंडोज १० पूर्वीच्या आवृत्त्या वगळल्या गेल्या. घरोघरी आणि लहान ग्रंथालयांत जुनी यंत्रे जपून वापरणाऱ्यांना ही किंमत जाणवणारी आहे. अशा यंत्रांसाठी ५.४४ ही अखेरची आवृत्ती ठरली. वाचकाच्या संग्रहाला मात्र धक्का लागत नाही: पुस्तके साध्या फोल्डरांत आणि त्यांच्या नोंदी एसक्यूलाइट फाइलमध्ये राहतात, त्यांचा टूलकिटशी संबंध नाही.