जाड्या-रड्या : विनोदपटांचे प्रदर्शन व जाहिरात

ऑलिव्हर हार्डी (१८९२–१९५७) आणि स्टॅन लॉरेल (१८९०–१९६५) या हॉलिवूडमधील विनोदी जोडीचे मराठी प्रेक्षकांत रूढ झालेले नाव. हार्डी अंगाने भरलेला, म्हणून जाड्या. लॉरेल जरा कुठे बिनसले की चेहरा चुरगाळून मुसमुसणारा, म्हणून रड्या. लॉरेल इंग्लंडमधील अल्व्हर्स्टनचा, हार्डी अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचा. १९२७ पासून हॅल रोच यांच्या स्टुडिओने त्यांना जोडीने पडद्यावर आणले. बोलपट आल्यावर अनेक मूकपटांतील विनोदवीर मागे पडले, ही जोडी मात्र टिकली. त्यांचे हसू संवादापेक्षा देहावर उभे होते आणि महाराष्ट्रात त्यांच्या चित्रपटांची जाहिरात सोपी होण्याचे कारणही हेच. दोन गोल टोप्या, एक रुंद आकृती आणि तिच्याशेजारी एक किडकिडीत, एवढे फलकावर दिसले की इंग्रजी न येणाऱ्यालाही आत काय आहे ते कळते.

मुंबईतील सर्वांत ठळक उदाहरण कुलाब्याच्या तोंडाशी असलेल्या रीगल चित्रपटगृहाचे. फ्रामजी सिधवा यांनी बांधलेले हे चित्रपटगृह १४ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाले, ते याच जोडीच्या ‘द डेव्हिल्स ब्रदर’ या चित्रपटाने. वास्तुरचना चार्ल्स स्टीव्हन्स यांची. बोरीबंदरचे स्थानक उभारणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स हे त्यांचे वडील. अंतर्भागाची सजावट कार्ल शारा यांनी केली. वातानुकूलन आणि तळघरात मोटारी लावण्याची सोय या त्या काळी शहराला अपूर्वाईच्या गोष्टी होत्या. अशा डौलदार वास्तूचा पडदा गंभीर नाट्याने न उघडता दोन गबाळ्या चोरांच्या फजितीने उघडावा, ही निवड अचूक म्हटली पाहिजे. नव्या चित्रपटगृहाला पहिल्या दिवसापासून प्रसन्न चेहऱ्याने बाहेर पडणारा प्रेक्षक हवा असतो. तोच पुढे चार जणांना सांगतो.

हा चित्रपट फ्रेंच संगीतकार ओबेर यांच्या १८३० मधील ‘फ्रा दियाव्होलो’ या विनोदी संगीतिकेवर बेतलेला आहे. लुटारू नायकाची भूमिका डेनिस किंग यांची. जाड्या-रड्या त्याचे नाइलाजाने झालेले साथीदार. कथानक विसरले जाते. लक्षात राहतो तो रड्याचा गुडघा, कान आणि नाक हाताने चपळाईने पकडण्याचा खेळ, आणि दारूच्या तळघरात त्याला अनावर झालेले हसू.

विनोदाने प्रेक्षक ओढण्याची रीत रीगलच्याही आधीची. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा जोडीला नृत्य, पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटू आणि विनोदी प्रवेश असा भरगच्च कार्यक्रम होता. पौराणिक चित्रपटालाही असा आधार लागला. फाळके यांनी स्वतः ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदपटही काढला.

पुढे मराठी पडद्याला स्वतःचा जाड्या आणि स्वतःचा काडीपैलवान मिळाला. विनोदी लेखक चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ मास्टर विनायक यांच्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी उभे केले. ही माणसे पुण्या-बडोद्याकडच्या मध्यमवर्गीय घरांतली, अस्सल आपली. त्यांना अमेरिकन जोडीची नक्कल म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण फलकावर लठ्ठ-बारीक जोडी पाहून हसायला सज्ज होणारा प्रेक्षक तोवर तयार झाला होता, हे नाकारता येत नाही.

शहराबाहेर जाहिरातीचे काम भोंग्याने केले. जत्रांत तंबू ठोकून चित्रपट दाखवणाऱ्या फिरत्या टॉकीज दुतर्फा रंगीत फलक बांधलेली गाडी गावभर फिरवत आणि ध्वनिक्षेपकावरून ‘आज रात्री’ची हाळी देत. या तंबूंच्या अखेरच्या काळाचे चित्रण शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात आहे.

असा खेळ आज आडवाटेच्या गावी कसा लावावा, याचे एक उदाहरण घेऊ. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मोलगी हे सातपुड्यातील बाजाराचे गाव. आसपासच्या पाड्यांवरील भिल्ल, पावरा माणसे येथे येतात आणि होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला गर्दी उसळते. घरची बोली मराठीहून वेगळी. अंगविक्षेपांनी हसवणारा सोंगाड्या मात्र या भागाला चांगला परिचयाचा आहे. अशा ठिकाणी हॉलिवूडचा जुना विनोदपट दाखवायचा तर छापील पत्रकांवर भिस्त ठेवू नये. बाजाराच्या दिवशी स्थानिक बोलीत पुकारा करावा, गोल टोप्यांचा मोठा फलक लावावा आणि परतीची वाट धरण्याआधी संपेल असा लघुपट निवडावा. त्यासाठी ‘द म्युझिक बॉक्स’ (१९३२) सर्वांत योग्य. लांबी सुमारे अर्धा तास. विनोदी लघुपटाचे ऑस्कर याच कृतीला मिळाले. जाड्या-रड्या एक अवजड पियानो उंच पायऱ्यांवरून घरापर्यंत चढवतात. तो पुन्हा पुन्हा घरंगळत खाली येतो. शेवटी पोस्टमन सांगतो की वर यायला गाडीरस्ता होता. ते ऐकून दोघे पियानो पुन्हा खाली उतरवतात आणि रस्त्याने वर आणतात. डोईवर ओझे घेऊन घाट चढणाऱ्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही.