मोटारगाडीच्या सुरक्षिततेची कीर्ती

कारखान्यात उमेदवारी केलेल्या माणसाला ‘पट्टा’ म्हटले की आधी यंत्राचा पट्टा आठवतो. जुन्या कारखान्यांत एका लांब फिरत्या दांड्यावरून चामड्याचे पट्टे निघत आणि त्यांवर यंत्रे चालत. धोतराचा सोगा त्यात सापडला की माणूसच ओढला जाई. १९४८ च्या कारखाने कायद्यात अशा फिरत्या भागांना कुंपण घालण्याचे स्वतंत्र कलम होते, एकविसावे. जाळी काही फार महागाची वस्तू नव्हे. तरी ती कायद्याने बसवावी लागली. मोटारीच्या सुरक्षिततेचा इतिहास वाचताना आम्हांला हीच हकीकत पुन्हा भेटली.

सुरक्षित गाडी म्हटले की जगात स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीचे नाव निघते, आणि ते फुकाचे नाव नव्हे. पूर्वीचा पट्टा नुसता पोटावरून जाई. धडकेत तोच आतड्यांना इजा करी. विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम केलेले नील्स बोलिन हे अभियंते व्होल्व्होत आले आणि १९५९ साली त्यांचा तीन ठिकाणी बांधलेला पट्टा गाडीत बसला. छाती आणि कंबर दोन्ही धरणारा, एका हाताने लावता येणारा. कंपनीने पेटंट घेतले, पण इतर कारखानदारांनाही ती रचना वापरू दिली. भांडवलदाराचे गुण आम्ही सहसा गात नाही. येथे मात्र गायलेच पाहिजेत.

आपल्याकडे काय झाले? जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या लंडनच्या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहिल्या. मारुती अल्टो, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-टेन, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. मोठ्या माणसाच्या बचावासाठी पाचांनाही शून्य तारे मिळाले. पहिल्या तिघींचा सांगाडाच टिकला नाही, तेव्हा नुसत्या एअरबॅगने भागले नसते. पोलोची गोष्ट मात्र निराळी होती. तिचा सांगाडा भक्कम होता. चाकणला तयार होणाऱ्या त्याच गाडीला दोन एअरबॅगा लावून आदळले तेव्हा चार तारे मिळाले. म्हणजे शून्य आणि चार यांमध्ये विद्येचे अंतर नव्हते. गिऱ्हाइकाच्या खिशाचे होते. बिनपिशवीची पोलो विकणे कंपनीने मग बंद केले.

नॅनोच्या शून्यामुळे टाटांच्या नावालाही डाग लागला. पण पुढे टाटांनी मनावर घेतले, हे कबूल केले पाहिजे. पुण्याजवळ रांजणगावला बनणारी त्यांची नेक्सॉन २०१८ च्या ऑगस्टमध्ये चार ताऱ्यांवर राहिली. सुधारणा करून ती पुन्हा चाचणीला गेली आणि डिसेंबरात तिला पाच तारे मिळाले. भारतात बनून भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीला हा मान प्रथमच मिळत होता. मग २०२० च्या जानेवारीत टाटांची अल्ट्रोझ आणि महिंद्रांची नाशिकची एक्सयूव्ही ३०० याही पाचांवर आल्या. तारे जाहिरातीत झळकू लागले. ज्या बाजारात फक्त ‘किती देते?’ एवढेच विचारीत, तेथे लोक ‘किती तारे?’ असे विचारू लागले.

परंतु या कीर्तीमागे कायद्याचा रेटाही होता, हे जाहिरात सांगत नाही. धडक-चाचणी नव्या नमुन्यांना १ ऑक्टोबर २०१७ पासून आणि जुन्यांना २०१९ पासून सक्तीची झाली. चालकापुढची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची ‘भारत एनकॅप’ सुरू झाली, तीत उतरणे मात्र कंपनीच्या मर्जीवर ठेवले गेले. आणखी एक सांगून ठेवतो. तारे देण्याचे नियम २०२२ साली कडक झाले. २०१८ चे पाच आणि त्यानंतरचे पाच एका तागडीत घालू नयेत.

आता गाळप हंगामातला आपल्या श्रीपूरचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. पुढे उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही. चाचणीतला अडथळा गाडीच्या नाकासमोर असतो. येथे नाक ट्रॉलीखाली शिरते आणि उसाची मोळी थेट काचेवर येते. तारे मोजताना ही धडक मोजलेली नसते. त्या ट्रॉलीवर किंवा बैलगाडीवर बसलेल्या तोडणी कामगाराला तर पट्टाही नाही आणि पिशवीही नाही. त्याची सुरक्षितता म्हणजे मागे लावायची तांबडी चकचकीत पट्टी.

ती कोणी लावायची, असे आम्ही एका कारखान्यात विचारले. कारखाना म्हणाला, वाहनमालकाने. वाहनमालक म्हणाला, मुकादमाने. मुकादम हसला. आमचा अर्ज दोन हंगाम तेथे पडून आहे. येता बॉयलर पेटण्यापूर्वी आम्ही तो तिसऱ्यांदा देणार आहोत, आणि या वेळी त्यावर मोटारवाल्यांच्याही सह्या घेणार आहोत.