चाळिशीचें लुगडें

नाशिकहून आग्रा रस्त्यानें ईशान्येस निघालें म्हणजे बारा-तेरा मैलांवर बाणगंगेच्या कांठीं ओझर हें गांव लागतें. द्राक्षांचे मळे आणि विमानांचा कारखाना या दोहोंमुळें निफाड तालुक्यांतील या गांवाचें नांव दूरवर गेलेलें आहे. परंतु त्याच गांवाच्या घराघरांतून आणखी एक इतिहास शंभर-दीडशे वर्षें घडत आला आहे. तो इतिहास लुगड्याचा. आणि तोहि लग्नांतल्या शालूचा नव्हे, तर पहांटे नेसून गोठा, चूल, मळा आणि बाजार एवढें सारें ज्यांत उरकावयाचें त्या नित्याच्या लुगड्याचा. त्यांतहि जिचें तारुण्य ओसरूं लागलें आहे, पण म्हातारपण अद्याप दूर आहे, अशा बाईनें काय नेसावें, हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाहीं.

कापडाच्या दृष्टीनें ओझरचें ठिकाण भाग्याचें. तोच रस्ता पुढें पिंपळगांव, चांदवड करीत मालेगांवास जातो, आणि मालेगांव म्हणजे मागांचें गांव. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानांतून परागंदा झालेलीं विणकरांचीं कुटुंबें तेथें येऊन राहिलीं आणि त्यांच्या हातमागांवर रंगीत सुती लुगडीं निघूं लागलीं. १९३० नंतरच्या दशकांत तेथें यंत्रमाग आले. जिल्ह्याच्या पूर्वेस येवलें. तेथील पैठण्या नि पीतांबर सधनांच्या पेट्यांत जात. इरकली लुगडीं आणि गुळेदगुड्डचे खण कर्नाटकांतून येत. चांदवडास ज्यांचा वाडा आहे त्या अहिल्याबाई होळकरांनीं महेश्वरास विणकर वसविले, व तेथील लुगड्यांचा लौकिक दख्खनेंतहि पसरला. माल नव्हता, अशी तक्रार करण्यास म्हणून जागा नव्हती.

परंतु लुगडें बाजारांत असणें आणि तें अंगावर येणें यांमध्यें मोठें अंतर होतें. साधारण शेतकऱ्याच्या घरीं खरेदी करणारा बहुधा कर्ता पुरुष असे. तो सुताचा दाटपणा पाही, कांठाचा घट्टपणा पाही; नेसणारीचा वर्ण आणि बांधा त्याच्या हिशेबांत क्वचितच येई. रंग ठरवी तें तिचें घरांतील नातें. हिरवीं, डाळिंबी, रुंद कांठांचीं लुगडीं नव्या सुनेचीं. सून उंबरठ्याच्या आंत आली, कीं सासूनें अंजिरी, जांभळा, राखी असे रंग आणि अरुंद कांठ धरावेत, असा संकेत होता. वय मोजण्याचें माप वर्षें नव्हतें, सून हें होतें. आणि ज्या काळांत मुलींचीं लग्नें दहाव्या-बाराव्या वर्षीं होत, त्या काळांत पस्तिशीच्या आंतच बाई सासू होई. देहानें भर तारुण्यांत, कापडानें मात्र म्हातारी! हरविलास सारडा यांच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा १९२९ सालीं झाला, १ एप्रिल १९३० पासून अमलांत आला, आणि मुलीच्या लग्नाचें किमान वय चौदा ठरलें. त्या कायद्याविषयीं वादविवाद पुष्कळ झाले. पण त्यानें बायकांच्या लुगड्यांचा रंगहि कांहीं वर्षें पुढें ढकलला, हें फारसें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

हा संकेत नुसता आवडीनिवडीचा असता तर त्यांत जाच नव्हता. जाच होता तो दुसऱ्या बाजूस उभ्या असलेल्या वैधव्याच्या सावलीमुळें. ब्राह्मणांच्या घरीं विधवेस अलवण नेसावें लागे. शेतकरी जातींत ती सक्ती नव्हती, पाटाचीहि चाल होती. तरी कुंकू गेलेल्या बाईच्या लुगड्याचा रंग आपोआप उतरे. म्हणून चाळिशीकडे झुकलेल्या सवाष्णीची वाट फार अरुंद होती. भडक नेसलें तर हंसें. फार फिकें नेसलें तर अपशकुन. दोन्हींकडे बोट दाखविणाऱ्या बायाच असत, हेंहि सांगितलें पाहिजे. या पेंचांतून काढलेली एक शहाणपणाची वाट म्हणजे काळी चंद्रकळा. रंग काळा असून ती अशुभ समजली जात नसे, उलट संक्रांतीस हौसेनें नेसली जाई. आणि तिच्यावर मळ दिसत नसे, हा तिचा गुण चुलीपाशीं बसणारीस अधिक प्यारा.

रंगाचा जाच सोडला, तर वस्त्र म्हणून नऊवारी लुगड्याइतकें सोयीचें दुसरें कांहीं या वयाच्या बाईस मिळणें कठीण होतें. नऊ वार म्हणजे अठरा हात कापड. त्यास कात्री नाहीं, शिवण नाहीं, कोणाचें माप नाहीं. बाळंतपणें होऊन कंबर रुंदावली, तर दोन निऱ्या कमी पडत, एवढाच काय तो फरक. सुटलेलें पोट निऱ्यांच्या दाटींत झांकलें जाई, ओच्यांत चार पैसे नि सुपारी राही, आणि मागें काष्टा खोंवल्यामुळें पाटाच्या पाण्यांत उतरावयास किंवा बैलगाडीवर चढावयास पाय मोकळे. वरची चोळीहि पुढें गांठ मारावयाची. ती सैल करतां येई, आवळतां येई. लुगडें मध्यावर विरलें, कीं तेवढा भाग कापून दोन्ही चांगले तुकडे जोडीत. त्यास दांड घालणें म्हणत. दांड घातलेलें लुगडें आणखी कांहीं महिने निघे, मग त्याचीं दुपटीं होत, आणि शेवटीं तें गोधडींत जाई. दोषहि होतेच. पावसाळ्यांत जाड सुताचे नऊ वार वाळतां वाळत नसत, आणि नदीवर तें ओझें आपटून पिळतांना चाळिशीच्या बाईचे खांदे भरून येत.

येथेंच गिरणीच्या कापडास वाव मिळाला. कावसजी दावर यांनीं मुंबईस पहिली कापडगिरणी १८५४ सालीं काढली. पुढच्या दशकांत लोहमार्ग नाशिक जिल्ह्यांतून गेला, आणि विलायती व मुंबईचा माल खेड्यांपर्यंत पोहोंचूं लागला. तलम लुगड्यास नांवच पडलें पातळ. धुण्यास हलकें, नेसण्यास सुटसुटीत. पण टिकाऊपणांत उणें, आणि अंगाला असें चिकटे कीं स्थूल बाईस तें नेसून चारचौघांत जाण्याचा संकोच वाटे. १९०५ मध्यें पुण्यास विलायती कापडाची होळी झाली, तेव्हांपासून कापडाची निवड ही देशाचीहि बाब झाली. १९२० नंतर खादी आली. अवंतिकाबाई गोखले यांचा जन्म १८८२ चा. म्हणजे खादीची चळवळ सुरू झाली तेव्हां त्या ऐन चाळिशीकडे आलेल्या होत्या. स्वतः कातलेल्या सुताचीं धोतरें त्या गांधीजींना त्यांच्या वाढदिवशीं देत. त्यांच्यासारख्या प्रौढ बायांनीं तें जाडेंभरडें, बिनरंगी वस्त्र अंगावर घेतलें, आणि एरवीं जें वैराग्याचें लक्षण ठरलें असतें तें देशकार्याचें लक्षण ठरलें. मात्र नऊ वार खादीचें वजन आणि तिची किंमत दोन्ही मळ्यांत राबणारीस पेलणारीं नव्हतीं. ओझरसारख्या गांवांतली सामान्य बाई मालेगांवी लुगड्याशींच राहिली, यांत तिचा दोष नव्हता.

तिला हलविलें तें दुसऱ्या महायुद्धानें. गिरण्यांचा माल लष्कराकडे वळला, किंमती कित्येक पटींनीं चढल्या, आणि जून १९४३ मध्यें सरकारनें कापड व सूत यांवर नियंत्रण बसविलें. ठरीव किंमतीचें 'स्टँडर्ड' कापड निघालें. कंट्रोल, कार्ड, रांग, काळा बाजार हे शब्द ज्या बायांना अक्षरओळख नव्हती त्यांच्याहि तोंडीं बसले. १९४८ च्या जानेवारींत नियंत्रण उठलें, भाव भडकले, आणि त्याच वर्षीं तें पुन्हां बसवावें लागलें. शहरांतील शिकलेल्या मुली त्याआधींच पांचवारी गोल पातळ नेसूं लागल्या होत्या, व त्यांची थट्टाहि होत होती. टंचाईनें त्या थट्टेचें तोंड बंद केलें. हिशेब साधा होता: अठरा वारांत नऊवारी दोन होत; पांचवारी तीन होऊन वर तीन वार उरत.

आतां घरांत तीन पिढ्या धराव्यात. सासूला कोणी कांहीं म्हणालें नाहीं. ती शेवटपर्यंत नऊवारीच नेसली. सून पांचवारींतच घरांत आली. निर्णय करावा लागला तो मधल्या बाईस, आणि तो करण्याची तिला पूर्वीं कधीं संवय नव्हती. हिशेबांतले उरलेले वार तर तिच्या हातीं पडलेच नाहींत. गोल नेसणीस परकर लागतो, त्यांत ते गेले. चोळी जाऊन झंपर, पोलकें आलें, म्हणजे शिंपी आला, मजुरी आली, आणि जन्मांत प्रथमच तिच्या देहाचें माप घेतलें गेलें. मळ्यांत दंवानें पातळाचा घेर भिजून पायांत अडके. देवकार्यास तर काष्टाच हवा असा घरचा दंडक. कित्येकींनीं यावर तोडगा काढला: घरीं व शेतांत नऊवारी, नाशिकला जावयाचें तर पांचवारी. पेटींत दोन्ही शेजारीं घडी घालून ठेवलेलीं असत.

ही घडी मोडली ती १९६४ नंतर. मिग-२१ विमानें बांधण्यासाठीं हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा कारखाना ओझरला निघाला, आणि नाना प्रांतींचीं कुटुंबें कामगार-वसाहतींत राहावयास आलीं. त्यांच्यांतल्या चाळिशीच्या बाया गुलाबी, पिवळी साडी नेसून, डोक्यावर पदर न घेतां बाजारांत येत, आणि त्यांस कोणी हंसत नसे. गांवच्या बाईनें तें पाहिलें. त्याच सुमारास नायलॉन, टेरिलीन आलीं. रात्रीं धुवावी, सकाळीं नेसावी. इस्त्री नको, रंग जात नाहीं, दांड घालण्याचा प्रश्न नाहीं. बायांनीं त्यांचें स्वागत केलें, तें योग्यच होतें. पण घाम न शोषणारें हें कापड उन्हाळ्यांत आणि चुलीपाशीं त्रासदायक, किंबहुना धोक्याचें. शिवाय पाळी जाण्याच्या वयांत अंगांतून वाफा निघूं लागल्या, म्हणजे त्या साडींत जीव कासावीस होई. आणि हें दुःख दुकानदारास सांगण्याजोगें नव्हतें.

सांगून उपयोगहि नव्हता, कारण तिच्या पेटींतल्या बहुतेक साड्या तिनें घेतलेल्याच नसत. त्या आहेरांत आलेल्या. दुकानांतून 'देण्याघेण्याच्या' साड्यांचा ढीग वेगळाच असतो. त्यांतली साडी नेसण्यासाठीं विणलेली नसतेच, फिरण्यासाठीं विणलेली असते. आलेल्या दहांतून सात पुढें जातात, आणि ज्या तीन उरतात त्या नित्याच्या. चांगल्या, मऊ सुताची, आपल्या अंगास शोभेलशी साडी स्वतःच्या पैशानें, स्वतः हात लावून पाहून घेणें, ही गोष्ट पगारदार घरांतून आधीं सुरू झाली. १९७८ मध्यें मुलीच्या लग्नाचें किमान वय अठरा झालें, आणि चाळिशीची बाई बहुधा सासू नसून शाळेंत जाणाऱ्या मुलांची आई असूं लागली. राखी रंग तिला कोणाच्या नांवानें नेसविणार?

आज त्याच गांवांत द्राक्षाच्या मळ्यांत काम करणारी बाई साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा सदरा चढविते, ऊन आणि औषधाची फवारणी दोन्ही त्यावर निभावते. घरांत तिच्या अंगावर गाऊन असतो, आणि दारीं कोणी आलें कीं ती खांद्यावर ओढणी घेते; काष्टा, ओचा आणि दांड यांची जागा घेणारी ही नवी घरगुती युक्ति दिसावयास ओबडधोबड खरी, पण सैल, सुती आणि स्वस्त. बाहेर जावयाचें तर साडी किंवा पंजाबी ड्रेस. तयार कपड्यांच्या दुकानांत मात्र तिची अडचण आहे ती आहेच: खांद्यांत बसेल तें कंबरेंत बसत नाहीं, कंबरेंत बसेल त्याच्या बाह्या दंडाला आवळतात. तेव्हां ती शिंप्याकडे परत येते. जाणता शिंपी तिच्या ब्लाउजच्या दोन्ही कुशींना शिवणीच्या आंत बोटभर कापड जास्त सोडतो. त्या जादा कापडाला शिंप्यांच्या भाषेंत माया म्हणतात. दिवाळीच्या सुमारास एक टीप उसवून ती माया थोडी बाहेर काढली, कीं तोच ब्लाउज आणखी वर्षभर अंगाला बसतो.